प्रलयानंतर – लेखांक ५ : ज्याने प्रलय आणला

गेल्या आठवड्यात आपण मियाझाकींच्या 'नौसिका'मध्ये होतो. सात दिवसांच्या अग्नीत जग जळून गेल्याला हजार वर्षं झाली आहेत आणि विषारी जंगलाच्या काठावर राहणारी एक मुलगी राक्षसी किड्यांनाही जीव लावते आहे. नौसिका कुणालाही आवडते. आज ज्याच्याबद्दल लिहायचं आहे, तो सुरुवातीला आवडतो, मग खटकतो आणि शेवटी त्याच्याकडे बघवत नाही. 'अटॅक ऑन टायटन'चा एरेन येगर. शेवट उघड केल्याशिवाय त्याच्याविषयी धड काही बोलताच येत नाही, म्हणून ज्यांना ही मालिका अजून पाहायची आहे त्यांनी हा लेखांक बाजूला ठेवावा.

हाजिमे इसायामा यांनी ही मांगा २००९ साली सुरू केली तेव्हा ते जेमतेम तेवीस वर्षांचे होते. २०२१ मध्ये ३४ खंडांवर ती संपली. तिच्यावरचा ॲनिमे २०१३ ते २०२३ असा दहा वर्षं, मध्ये मोठमोठी विश्रांती घेत चालला. पहिले तीन सीझन विट स्टुडिओने केले, शेवटचा मापाने. इसायामा वाढले ते क्यूशू बेटावरच्या ओइता प्रांतात, ओयामा नावाच्या गावात. चारही बाजूंनी डोंगर आणि पलीकडे काय आहे याची ओढ. कथेतल्या भिंती पाहताना ते गाव आठवत राहतं.

भिंती तीन आहेत, एकीच्या आत दुसरी, पन्नास मीटर उंच. आत राहणाऱ्यांना लहानपणापासून शिकवलं जातं की शंभर वर्षांपूर्वी टायटनांनी, म्हणजे माणसं खाणाऱ्या महाकाय नग्न देहांनी, जगातली बाकी सगळी माणसं संपवली. उरलो ते आपणच. सन ८४५ मध्ये साठ मीटरचा एक टायटन भिंतीवरून डोकावतो आणि लाथेने वेशीचं दार फोडतो. एरेनची आई घराच्या तुळईखाली अडकते. त्याच्या डोळ्यांदेखत एक हसऱ्या चेहऱ्याचा टायटन तिला उचलून खातो. पळून जाणाऱ्या बोटीत दहा वर्षांचा एरेन रडत रडत शपथ घेतो: एकूणएक टायटन नष्ट करीन, एकही शिल्लक ठेवणार नाही.

ही शपथ ऐकताना आपण सगळे त्याच्या बाजूने असतो. समोर आहेत ते बिनडोक राक्षस, ज्यांच्याशी बोलणं शक्य नाही, ज्यांना दयामाया नाही. मग 'एकूणएक' या हट्टात वावगं काय?

सहाव्या भागात मात्र एक प्रसंग येतो आणि तो नीट पाहायला हवा. एरेन नऊ वर्षांचा आहे. मिकासा नावाच्या मुलीच्या आईवडिलांना मारून तिला विकायला पळवणाऱ्या माणसांची झोपडी तो शोधून काढतो. दार ढकलतो आणि जंगलात वाट चुकल्याचं रडगाणं सुरू करतो. मुलगा घाबरलाय असं समजून त्यांच्यातला एक त्याच्याशी गोड बोलत पुढे येतो. एरेनच्या हातात पाठीमागे सुरी आहे. पुढच्या क्षणी ती त्या माणसाच्या पोटात. नंतर वडील रागावतात, तू काय करून बसलास ते कळतंय का तुला, असं विचारतात. त्यावर मुलाचं म्हणणं एवढंच की, ती माणसं नव्हती, माणसांसारखी दिसणारी जनावरं होती. मिकासा वाचली, ती माणसं नीचच होती, म्हणून आपण हे वाक्य सोडून देतो. मला वाटतं, अख्ख्या मालिकेतलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच आहे.

तिसऱ्या सीझनच्या शेवटी एरेनच्या वडिलांचं तळघर उघडतं आणि आतल्या वह्यांमध्ये एक फोटो सापडतो. कॅमेरा असलेलं जग बाहेर जिवंत आहे! माणसं संपलेली नाहीत. तिथे आगगाड्या आहेत, विमानासारखी उडणारी जहाजं आहेत, शहरं आहेत. भिंतीतल्या लोकांची स्मृती त्यांच्याच राजाने पुसून टाकली होती. टायटन म्हणजे त्यांच्याच वंशाची, इंजेक्शन टोचून राक्षस केलेली माणसं. ज्या प्रलयानंतरची गोष्ट आपण इतके भाग पाहत होतो, तो प्रलय झालाच नव्हता.

प्रलयोत्तर कथांचा एक नियम आहे, आणि या लेखमालेत तो वारंवार दिसला: संकट पहिल्या पानाच्या आधी घडून गेलेलं असतं, नायक राखेतून वाट काढतो. इसायामांनी तो नियम उलटा केला. इथे संकट शेवटी आहे आणि ते नायकाच्या हातून घडतं. भिंतींच्या आत असंख्य महाकाय टायटन दडवून ठेवलेले आहेत. एरेन त्यांना जागं करतो आणि समुद्रापलीकडच्या जगावर चाल करून पाठवतो. जगातली ऐंशी टक्के माणसं त्यांच्या पायांखाली चिरडून मरतात. आणि एरेनचं बोलणं अजून तेच, बोटीतलं: एकूणएक. शब्द बदलले नाहीत, स्वभावही नाही. फक्त 'ते' या शब्दात आता फळवाले, शाळकरी मुलं आणि तान्ही बाळं आली आहेत.

त्याला आवाज देणाऱ्या युकी काजींचं काम इथे दाद देण्यासारखं आहे. पहिल्या सीझनमध्ये सतत ओरडणारा मुलगा चौथ्यात जवळजवळ आवाजच चढवत नाही. शत्रूदेश मार्लेमधल्या लिबेरिओच्या एका तळघरात, जुना शत्रू राइनर समोर बसलेला असताना, तो ज्या शांतपणे 'मीही तुझ्यासारखाच आहे' अशा अर्थाचं बोलतो, त्याने अंगावर काटा येतो. वरच्या इमारतीत सामान्य कुटुंबं राहतात हे त्याला ठाऊक आहे. तरी तो तिथेच टायटनचं रूप घेतो.

मला सर्वात असह्य वाटतो तो रामझीचा प्रसंग. परक्या देशातला हा निर्वासित पोरगा, चोरी करताना सापडलेला. गल्लीत माणसं त्याला तुडवत आहेत. एरेनला भविष्य दिसलेलं आहे. हा मुलगा आपल्याच हातून मरणार हे त्याला माहीत आहे. तो पुढे निघून जायला लागतो. आपण याला वाचवण्याचा काय अधिकार, असं स्वतःला विचारतो. आणि तरीही परत फिरतो, मुलाला सोडवतो आणि त्याच्यापुढे ढसाढसा रडत माफी मागतो. मुलाला त्याची भाषाच कळत नाही. त्याच रडण्यात तो कबूल करतो की बाहेर माणसं आहेत हे कळल्यावर आपली निराशा झाली, आपल्याला रिकामं जग हवं होतं. पुढे रामझी आणि त्याचा भाऊ टायटनांपुढे पळताना दिसतात, आणि ढगांच्या वर एरेन लहान मुलासारखा हात पसरून उभा असतो. स्वातंत्र्य मिळाल्याच्या आनंदात.

एरेनची कीव येते म्हणून तो क्षम्य ठरत नाही, आणि लेखकाने हे दोन्ही एकाच दृश्यात ठेवलं हे मोठं धाडस आहे. काहींनी या कलाकृतीला राष्ट्रवादाचं उदात्तीकरण म्हटलं. मला तसं वाटत नाही. एरेनच्या नावाने घोषणा देत बंदुका रोखणारे 'येगरिस्ट' मालिकेत भीतिदायकच दिसतात, आणि मार्लेची गाबी ही मुलगी समोरच्या बाजूने उभी केलेली दुसरी एरेन आहे. फरक इतकाच की ती शत्रूच्या घरात जेवते, राहते आणि बदलते. एरेन तर शत्रूच्या देशात राहून, त्यांचं प्रेम घेऊनही बदलला नाही. त्याचा गुन्हा म्हणूनच जास्त मोठा.

पण मांगाच्या शेवटाबद्दल माझी तक्रार आहे. तिथे आर्मिन, एरेनचा बालमित्र, आमच्यासाठी तू एवढं पाप अंगावर घेतलंस म्हणून त्याचे आभार मानतो. इतकी वर्षं कुणालाही सूट न देणाऱ्या कथेने अशी सूट द्यावी, हे लागलं. वाचक नाराज झाले आणि त्यांची नाराजी योग्य होती. २०२३ च्या ॲनिमेत हा संवाद पुन्हा लिहिला गेला. तिथे आर्मिन आभार मानत नाही. बाहेरच्या जगाचं पुस्तक तुला मीच दाखवलं, त्या ओढीत माझाही वाटा आहे, नरकात आपण बरोबरच असू, असं तो सांगतो. ज्यांनी फक्त मांगा वाचली आहे, त्यांनी निदान हा एक प्रसंग ॲनिमेत जरूर पाहावा.

पुढच्या आठवड्यात 'निऑन जेनेसिस इव्हँजेलियन'. त्यातला चौदा वर्षांचा शिंजी इकारी लढायलाच नकार देतो, आणि प्रेक्षकांचा राग त्यानेही ओढवून घेतला.