फुटक्या कपाळाचे सुवर्णपदक

कपाळ फुटले म्हणजे नशीब फुटले, असे आपल्याकडे समजतात. १९६२ साली जकार्ताच्या मैदानावर मात्र एका फुटक्या कपाळानेच भारताचे नशीब उघडले! क्रिकेटचे आकडे तोंडपाठ असलेल्या माझ्या मित्रमंडळींना ही हकीगत सांगू लागलो, की "आपण आणि फुटबॉलात अजिंक्य?" असे म्हणून ते माझ्याकडेच संशयाने पाहतात. तेव्हा वाचकहो, ती जरा सविस्तरच सांगतो.

चौथे आशियाई क्रीडासामने त्या वर्षी इंडोनेशियात भरले. यजमानांनी इस्राएल आणि तैवान यांच्या खेळाडूंना येऊ दिले नाही. हे सामने सुरू करण्यात ज्यांनी पुढाकार घेतला होता, त्या गुरुदत्त सोंधींनी आक्षेप घेतला, की असे असेल तर या सामन्यांना 'आशियाई' म्हणता येणार नाही. तत्त्व चोख होते, यात मला शंका नाही. पण त्याचा भुर्दंड भरला तो खेळाडूंनी! प्रेक्षक भारतीयांची हुर्यो करू लागले. ३ सप्टेंबरला जमावाने आपल्या वकिलातीवर हल्ला चढवला. आणि फुटबॉलचा अंतिम सामना होता दुसऱ्याच दिवशी. बसमधून जाताना सरदार खेळाडूंना खाली बसवून नेले, म्हणजे पगडी कोणाच्या नजरेस पडू नये, असे त्या संघातले लोक पुढे सांगत.

संघाचे गुरू होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. मूळचे शाळामास्तर! १९५१ साली दिल्लीत सुवर्णपदक आणि १९५६ साली मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक, ही त्यांचीच करणी. जकार्तात मात्र सुरुवातच अपशकुनी झाली. पहिल्या सामन्यात दक्षिण कोरियाने दोन गोलांनी हरवले. थायलंडला ४-१ असे लोळवले खरे, पण त्यात बचावाचा आधारस्तंभ जर्नेलसिंग याचे डोके फुटले, टाके घालावे लागले. जपानवर २-० असा विजय मिळाला आणि उपांत्य सामना आला दक्षिण व्हिएटनामशी.

आता मास्तरांची अक्कल पाहा. टाके घातलेल्या माणसाला कोणीही विश्रांती दिली असती, फार तर मागे उभे केले असते. रहीमसाहेबांनी जर्नेलला नेऊन ठेवले थेट आघाडीवर! बचावातला तो धिप्पाड गडी पुढे धावून येऊ लागताच प्रतिपक्षाचे सगळे हिशेब चुकले. पट्टी बांधलेल्या डोक्यानिशी त्याने गोल केला आणि भारत ३-२ असा जिंकला.

अंतिम सामन्यात समोर पुन्हा कोरिया, भोवती लाखभर प्रेक्षक, आणि त्यांचा सारा गलका आपल्याविरुद्ध. फ्लूने आजारी असलेला थंगराज गोल राखायला उभा राहिला. त्या गर्दीत भारताच्या नावाने ओरडणारे होते कोण? पाकिस्तानचे हॉकीपटू! याच सामन्यांत त्यांनी आपल्याला हॉकीत हरवून सुवर्णपदक नेले होते. शेजारधर्म असा अवचित भेटतो.

पी. के. बॅनर्जीने सतराव्या मिनिटाला पहिला गोल मारला. तीनच मिनिटांनी जर्नेलने दुसरा. उरलेला सारा वेळ ती आघाडी जपण्यात गेला. शेवटी शेवटी कोरियाने एक गोल फेडला, पण बरोबरी काही साधू दिली नाही. २-१! कप्तान चुनी गोस्वामी, डावीकडे तुळशीदास बलराम. आणि मधल्या फळीत आपला फोर्तुनातो फ्रँको, मूळचा गोव्याच्या कोलवाळचा, मुंबईत टाटांकडून खेळणारा. गोवा मुक्त होऊन तेव्हा जेमतेम नऊ महिने झाले होते.

जाता जाता आणखी एक. त्याच जकार्तात सांगली जिल्ह्याच्या लाल मातीतले दोन मल्ल, कवठेपिरानचे मारुती माने आणि पुनवतचे गणपत आंदळकर, प्रत्येकी एक सुवर्ण आणि एक रौप्यपदक घेऊन आले. भारताची एकूण सुवर्णपदके दहा. त्यांतली दोन या एका जिल्ह्याची, हे सांगताना माझी छाती फुगते, ती फुगू द्या!

सामन्याच्या आदल्या रात्री रहीमसाहेबांनी आपल्या पोरांकडे सुवर्णपदकाची भेट मागितली होती, असे म्हणतात. ती त्यांना मिळाली. पुढच्याच वर्षी, ११ जून १९६३ रोजी, कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्यानंतर १९७० साली बँकॉकला आपल्या फुटबॉल संघाने कांस्यपदक मिळवले. जकार्ताचे सोने मात्र पुन्हा हाती लागलेले नाही.