रँट, बॉम्बास्ट आणि कपाटापुढचं भाषण

आजचा भाग शब्दांचा आहे, आणि सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करते.

काही वर्षांपूर्वी मी एका कारखान्यात दुभाषी म्हणून गेले होते. मशीन बसवायला आलेला रशियन इंजिनिअर एके दिवशी बैठकीत बोलायला लागला तो थांबेचना. आवाज चढलेला, टेबलावर हात आपटणं चालू. पंधरा मिनिटांनी मॅनेजरसाहेबांनी मला विचारलं, "काय म्हणतोय हा?" मीही दमले होते. म्हटलं, "ही इज जस्ट रँटिंग, सर." सगळे हसले. विषय संपला.

आता हा 'रँट' शब्द बघा. तो डच भाषेतून इंग्रजीत आला आणि मूळ अर्थ काय, तर बरळणं. आज लोक स्वतःच्या बोलण्यालाही हौसेने रँट म्हणतात, "माझं रँट संपलं" असं लिहून मोकळे होतात. पण तोच शब्द दुसऱ्याच्या बोलण्याला लावला की त्याचा अर्थ होतो, याचं ऐकायची गरज नाही.

रशियनमध्ये याला एकच एक शब्द सापडत नाही. शिवीगाळ असेल तर 'ब्रान', ज्याचा जुना अर्थ होता लढाई. उगाच लांबलचक भाषण ठोकणं असेल तर 'रज्ग्लागोल्स्तवत'. त्यात 'ग्लागोल' आहे, म्हणजे जुन्या भाषेत शब्द, वाणी. आणि आतून उसळून आलेलं असेल तर 'नाबल्येला'. हे क्रियापद आहे, त्याला कर्ता नाही. 'दुखून दुखून आता साचलंय' असं काहीतरी. आपण म्हणतो ना, "किती दिवस मनात होतं, आज बोलते"? तेच ते.

बरं, 'टायरेड'चं काय? रशियनमध्ये हुबेहूब 'तिरादा' आहे, म्हणून आपण बिनधास्त वापरतो आणि फसतो. इंग्रजी टायरेडमध्ये राग हवाच. रशियन तिरादा म्हणजे भारदस्त सुरातलं लांब बोलणं, राग असेल किंवा नसेल. तसंच 'पेथॉस'. इंग्रजीत त्यातून करुणा येते, रशियन 'पाफस'मध्ये आवेश. आणि हल्लीच्या बोलीत एखादं हॉटेल 'पाफस्नी' असलं, तर समजायचं नुसता भपका आहे.

आता दुसरं टोक, बडेजावी बोलणं. इंग्रजी 'बॉम्बास्ट' म्हणजे मुळात कापूस! १६व्या शतकात अंगरखे फुगीर दिसावेत म्हणून आत जे भरायचे, ते. पुढे भाषेत भरलेल्या कापसालाही तेच नाव पडलं. रशियन 'नापीश्शेन्नी'सुद्धा फुगलेलाच. 'व्हिसकापार्नी' मात्र फुगत नाही, उडतो. उंच तरंगणारा, असा त्याचा अर्थ. इंग्रजीत कृत्रिम भाषेला 'स्टिल्टेड' म्हणतात, म्हणजे लाकडी पायांवर चढलेली. रशियनमध्ये 'खदूल्नी', तिथेही तेच लाकडी पाय. आणि माझा लाडका 'क्रस्नबाय', गोड गोड बोलणारा पण हाती काही न देणारा. 'क्रास्नी' म्हणजे आज लाल, पण पूर्वी सुंदर. मॉस्कोच्या लाल चौकाच्या नावात तोच शब्द आहे.

या सगळ्याचं सर्वात सुंदर उदाहरण चेखवच्या 'चेरी ऑर्चर्ड'मध्ये आहे. हे नाटक १९०४ साली मॉस्को आर्ट थिएटरमध्ये आलं. त्यात गायेव नावाचे गृहस्थ घरातल्या पुस्तकांच्या कपाटाला उद्देशून भाषण करतात, कारण कपाटाला शंभर वर्षं झालीत! आदर्श, प्रगती, सगळं त्यात येतं. त्या भाषणाची सुरुवात रशियनमध्ये म्हणीसारखी वापरतात, कुणी अति अलंकारिक बोलायला लागलं की. आपण हसतो. भाची त्यांना गप्प राहायला सांगते. तेही ओशाळतात.

पण जरा थांबून बघा. त्यांचं घर २२ ऑगस्टला लिलावात निघणार आहे. ते वाचवायला त्यांच्याकडे काहीही नाही. हे सरळ बोलायची हिंमत नाही, म्हणून ते कपाटाशी बोलतात. कापूस भरलाय तो आतली भीती झाकायला. 'व्हिसकापार्नी' हा शब्द तिथे अगदी बरोबर आहे, पण तेवढंच म्हणून पुढे गेलो तर माणूस हातातून निसटतो.

माझ्या इंजिनिअरकडे परत येते. त्या दिवशी त्याने तोंड उघडलं तेव्हा पहिला शब्द 'नाबल्येला' हाच होता. मी तो ऐकला होता. त्या पंधरा मिनिटांत बरीच आदळआपट होती, पण दोन मुद्देही होते. थंड करणाऱ्या पाण्याचा दाब कमी पडतोय, आणि रात्रपाळीत कुणीतरी अलार्म बंद करून ठेवतं. दोन्ही माझ्या एका शब्दाखाली गाडले गेले. महिन्याभरात पंप जळाला. त्याने मला दोष दिला नाही, कारण मी काय भाषांतर केलं हे त्याला कळलंच नव्हतं. ते फक्त मला माहीत होतं.

तेव्हापासून एक सवय लावून घेतलीय. कुणाच्या बोलण्याला नाव देण्याआधी ते बोलणं सांगायचं. नाव द्यायचंच असेल तर नंतर.

तुमच्याकडे घरात, ऑफिसात अशा बोलण्याला काय म्हणतात, नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात!