गरवायला निघताना गॉगल कसा निवडावा

ओहोटी लागली की रत्नागिरी-मालवणच्या खडपांवर गरी घेऊन बसलेली माणसं दिसू लागतात. ऊन जरा वर आलं की समोरचं पाणी असं चमकतं की दोन हातांवरचा बुडालेला खडकही दिसेनासा होतो. तांबोशी किंवा गोबरा त्याच खडकाच्या आडोशाला असतो, गरी मात्र अंदाजाने पडते, फटीत अडकते आणि दोरा तोडावा लागतो. अशा वेळी साध्या काळ्या गॉगलचा उपयोग नसतो. त्याने चकाकीही काळी होते आणि पाण्यातलं चित्रही, त्यामुळे दोघांचं एकमेकांशी प्रमाण तेच राहतं. पोलराइज्ड गॉगल चकाकी वेगळी काढून अडवतो आणि पाण्याच्या आतून येणारा प्रकाश बराचसा सोडतो. ही निवड तो कशी करतो हे एकदा कळलं, की कोणता गॉगल घ्यायचा, पैसे कशावर घालायचे आणि खडपावर उभं कुठे राहायचं, हे तिन्ही प्रश्न सोपे होतात.

चकाकी कुठून येते

प्रकाश ही लहर आहे, आणि ती ज्या दिशेने जाते तिच्या काटकोनात तिचं कंपन होतं. दोरीचं एक टोक खांबाला बांधून दुसरं हाताने हलवलं तर लाट वर-खाली पाठवता येते, तशीच डावी-उजवीकडेही, प्रकाशाचंही तसंच. उन्हात सगळ्या दिशांची कंपनं सरमिसळ असतात. हे ऊन पाण्यावर तिरकं पडलं की बरंचसं आत शिरतं आणि थोडं वरच्या वर परत फिरतं. परत फिरणाऱ्या प्रकाशात आडव्या कंपनाचा वाटा फार मोठा असतो. हीच आपली चकाकी. पाण्यात शिरून, तळाला किंवा माशाच्या अंगाला लागून बाहेर येणाऱ्या प्रकाशात असा आडवा भरणा नसतो. काचेला दोन प्रकाश वेगळे करता येतात ते एवढ्या एका फरकावर.

हा फरक पहिल्यांदा पकडला तो फ्रेंच शास्त्रज्ञ एत्येन-लुई मालुस याने. १८०८ साली पॅरिसमधल्या लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरून परतणारं मावळतं ऊन तो कॅल्साइटच्या स्फटिकातून पाहत होता. स्फटिक फिरवला की प्रतिबिंब कमी-जास्त उजळ होतं, हे त्याच्या लक्षात आलं. पुढे १८१५ मध्ये स्कॉटलंडच्या डेव्हिड ब्रूस्टरने याचा नियम बसवला. प्रत्येक पारदर्शक पदार्थाचा एक ठरावीक कोन असतो; त्या कोनात परतलेला प्रकाश निव्वळ एकाच दिशेच्या कंपनाचा असतो. पाण्यासाठी हा कोन उभ्या रेषेपासून ५३ अंश, म्हणजे पाण्याच्या सपाटीपासून ३७ अंश.

चष्म्यात बसेल असा पातळ पडदा मात्र शंभराहून अधिक वर्षांनी तयार झाला. अमेरिकेच्या एडविन लँडने १९२९ मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला, तेव्हा पडद्यात अतिसूक्ष्म स्फटिक एका दिशेने लावलेले होते. १९३८ मध्ये त्याने दुसरी पद्धत काढली आणि आजही मुख्यत्वे तीच चालते. पॉलिव्हायनिल अल्कोहोल या प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा एका दिशेने ताणतात, म्हणजे त्याचे लांबलचक रेणू एका रांगेत येतात. मग त्यांवर आयोडीन चढवतात. रेणूंच्या लांबीच्या दिशेने कंप पावणारा प्रकाश हा पापुद्रा शोषून घेतो. गॉगलमध्ये रेणूंची रांग आडवी ठेवतात. आडवी चकाकी अडते, उभं कंपन पार होतं.

उभं कुठे राहायचं

दुकानात कोणी सांगत नाही, पण सगळ्यात उपयोगी माहिती याच ३७ अंशांत आहे. डोळे पाण्यापासून जितके उंच, त्याच्या १.३३ पट अंतरावरच्या पाण्यावर गॉगल सर्वांत चांगलं काम करतो. पाण्याच्या कडेला उभं राहिलात आणि डोळे पाण्यापासून ६ फुटांवर असले, तर ८ फुटांवरचं पाणी सर्वांत स्वच्छ दिसेल. साधारण ५ ते १३ फुटांच्या पट्ट्यात फरक चांगला जाणवेल. कातळावर चढून डोळे १५ फुटांवर गेले, की तो पट्टा १२-१३ फुटांपासून ३० फुटांपर्यंत पसरतो.

त्यापलीकडे पाहिलं तर नजर पाण्याला फार तिरकी होते. तिथून परतणाऱ्या प्रकाशात उभं कंपनही बरंच असतं आणि ते काचेतून आत येतं. म्हणून महागातला गॉगल लावूनही लांबचं पाणी चमकतच राहतं. तो काचेचा दोष नाही. उंच जागा शोधा, पाणी वाचून घ्या, दगड आणि घळी ध्यानात ठेवा, आणि मग गरी टाकायला खाली या.

डोकं सरळ ठेवणंही महत्त्वाचं. काचेची दिशा ठरलेली असल्याने मान ३० अंश कलली तर अडायला हवी होती त्या चकाकीचा चौथा भाग आत येतो. ४५ अंश कलली तर निम्मा. उलट लाटेचा उतार तिरका असेल तेव्हा मान थोडी मुद्दाम कलवून पाहिलं तर चित्र उघडतं. वाऱ्याने पाणी खळबळलं असेल तर प्रत्येक तरंगाचा कोन वेगळा, म्हणून ठिणग्यांसारखी थोडी चमक उरणारच. सूर्य शक्यतो बाजूला ठेवावा. तो पाठीशी असला की दिसतं छान, पण आपली सावली पाण्यावर पडते आणि उथळातला मासा निघून जातो.

हे शिकायला गरी हवीच असं नाही. महाड तालुक्यात काळ नदीवर वाळण कोंडीचा डोह आहे. तिथले महसीर देवाचे मासे मानले जातात आणि गावकरी त्यांना धरू देत नाहीत. पावसाळा सरून पाणी निवळलं की काठावर उभं राहून गॉगल लावून आणि काढून पाहा. कोणत्या कोनातून मासा दिसतो आणि कोणत्या कोनातून नुसतं आभाळ, हे तिथे थोड्याच वेळात डोळ्यांत बसतं.

रंग आणि गडदपणा

पोलराइज्ड असणं, गडद असणं आणि अतिनील किरण अडवणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. एक आहे म्हणून दुसरी असेलच असं नाही, म्हणून तिन्ही वेगवेगळ्या विचाराव्यात.

गडदपणासाठी ० ते ४ अशा आंतरराष्ट्रीय श्रेणी आहेत. चांगल्या गॉगलच्या काडीच्या आतल्या बाजूला किंवा सोबतच्या कागदावर श्रेणी लिहिलेली असते. श्रेणी ३ ची काच ८ ते १८ टक्के प्रकाश आत घेते. आपल्या किनाऱ्यावरच्या उन्हाला ती योग्य. श्रेणी २ म्हणजे १८ ते ४३ टक्के. ती ढगाळ दिवसासाठी किंवा झाडीतल्या नदीसाठी. श्रेणी ४ फार गडद असते आणि ती लावून गाडी चालवायची नसते. उजाडताना किंवा तिन्हीसांजेला वापरण्यासाठी पिवळसर काचा मिळतात, पण पोलराइज्ड काच कितीही फिकी असली तरी साध्या प्रकाशाचा निम्मा भाग अडवणारच. अंधुक वेळी खडपावर चालताना गॉगल काढून खिशात ठेवावा.

रंग पाण्यावरून ठरवायचा. होडीतून खोल, निळ्या पाण्यात जात असाल तर राखाडी काच बरी. ती रंग आहेत तसे दाखवते आणि दिवसभर डोळे शिणत नाहीत. खाडीत जिताड्यासाठी बसणाऱ्याला किंवा धरणाच्या कडेने, उथळ नदीत मासे पाहणाऱ्याला तपकिरी किंवा तांबूस काच उपयोगी. ती निळा प्रकाश थोडा जास्त अडवते, त्यामुळे हिरवट-मातकट पाण्यात माशाची पाठ आणि तळ यांतला फरक उठून दिसतो. पाग टाकणाऱ्यालाही हीच काच चांगली. त्याला झुंडीची हालचाल दिसणं महत्त्वाचं असतं. एकच गॉगल घ्यायचा असेल तर मी तपकिरी घ्यायला सांगेन. काचेवरचा आरशासारखा मुलामा थोडा प्रकाश परतवतो, पण तो बाहेरच्या बाजूला असल्याने त्यावर ओरखडे लवकर दिसतात.

अतिनील किरणांसाठी ‘यूव्ही ४००’ ही खूण पाहावी. ४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण काच अडवते, असा तिचा अर्थ. इथे तडजोड करू नये. गडद काचेमागे बाहुली मोठी होते. काच अतिनील किरण अडवत नसेल तर ते अधिक प्रमाणात आत जातात. वर्षानुवर्षं उन्हात आणि पाण्यावर काम करणाऱ्यांत मोतीबिंदूचा धोका वाढतो. तसंच पांढऱ्या भागावरून बुबुळाकडे सरकणारी मांसाची वाढ, जिला डॉक्टर टेरिजियम म्हणतात, तीही त्यांच्यात अधिक आढळते.

काच कशाची, फ्रेम कशी

अडकलेली गरी जोरात ओढली आणि ती सुटली, तर शिसं सरळ तोंडाकडे येतं. म्हणून गळ टाकणाऱ्याने पॉलिकार्बोनेटची काच घ्यावी; ती सहजी फुटत नाही आणि अतिनील किरणही मुळातच अडवते. तिच्यावर ओरखडे मात्र लवकर पडतात, म्हणून वर कडक थर असावा. खऱ्या काचेतून सर्वांत स्वच्छ दिसतं आणि तिच्यावर ओरखडेही कमी पडतात, पण ती जड असते आणि फुटते. सीआर-३९ हे चष्म्यांत वापरलं जाणारं प्लॅस्टिक नजरेला चांगलं, मात्र माराला पॉलिकार्बोनेटइतकं टिकत नाही. कोणतीही काच असो, पोलराइज्ड पापुद्रा दोन थरांच्या मध्ये असावा. वरून चिकटवलेला पापुद्रा खारं पाणी आणि उष्णता लागली की कडेने सुटू लागतो.

फ्रेम चेहऱ्याला वळसा घालणारी हवी. बाजूने आणि वरून येणारा प्रकाश काचेच्या आतल्या पृष्ठभागावरून परतून डोळ्यात येतो आणि कमावलेलं सगळं घालवतो. आतल्या बाजूला परावर्तनरोधक थर असेल तर उत्तम. कडा असलेली टोपी, तीही आतून गडद रंगाची, स्वस्तात तितकंच मोठं काम करते. बिजागरीचे स्क्रू गंजणारे नसावेत आणि मागे दोरी असावी.

नंबर असलेल्यांनी चष्म्यावर बसणारा पोलराइज्ड क्लिप-ऑन आधी वापरून पाहावा. तो मानवला तर नंबरची पोलराइज्ड काच करून घ्यावी. जवळचं दिसत नसेल तर खाली वाचनाचा नंबर घालून घ्या. बारीक दोऱ्याची गाठ मारायला तो लागतोच.

दुकानात तपासायचं कसं

दुकानदार एक कार्ड दाखवतो, ज्यातलं लपलेलं चित्र पोलराइज्ड काचेतूनच दिसतं. काच पोलराइज्ड आहे एवढंच त्यातून कळतं. पुढचं आपण पाहायचं. दुकानाच्या काचेच्या काउंटरवर दिव्याचं प्रतिबिंब असतं. जरा मागे सरून, तिरक्या नजरेने ते गॉगलमधून पाहा आणि गॉगल हळूहळू आडव्याचा उभा करा. सरळ धरल्यावर प्रतिबिंब फिकं आणि उभा केल्यावर झळझळीत व्हायला हवं. हा फरक जितका मोठा तितकी काच चांगली.

मग हीच परीक्षा एका वेळी एका डोळ्याने करा. डाव्या काचेतली चमक ज्या कोनात सर्वांत कमी होते, त्याच कोनात उजवीतलीही व्हायला हवी. दोन्ही काचांचे पापुद्रे वेगवेगळ्या कोनांत बसले असतील तर एका डोळ्याला चमक दिसते, दुसऱ्याला नाही, आणि तासाभरात डोकं दुखतं. शेवटी गॉगल हातभर लांब धरून त्यातून दाराची उभी चौकट पाहा आणि गॉगल सावकाश हलवा. चौकट लाटेसारखी वाकली तर काच सदोष. अतिनील किरण अडतात का, हे घरी कळत नाही. मोजयंत्र असलेल्या चष्म्याच्या दुकानातून तपासून घ्या.

गॉगल काय करत नाही

गढूळ पाण्यात तो काही दाखवत नाही. मातीचे कण प्रकाश आतच विखरतात, तिथे पृष्ठभागाची चकाकी काढून काय मिळणार? मासा दिसला तरी तो दिसतो तिथे नसतो. पाण्यातून बाहेर येताना प्रकाश वाकतो. अगदी वरून पाहिलं तर ४ फुटांवरचा मासा ३ फुटांवर भासतो, आणि तिरकं पाहिलं तर त्याहूनही उथळ. होडीतल्या मासे शोधणाऱ्या यंत्राचा किंवा मोबाइलचा पडदा गॉगलमधून काळा दिसू शकतो. तो थोडा फिरवून पाहावा.

सगळ्यात जपायची गोष्ट पायाखाली आहे. शेवाळलेला ओला कातळ आपण त्याच्या चमकेवरून ओळखतो. गॉगल तीच चमक काढून टाकतो आणि निसरडी जागा कोरडी भासते. खडपावर चालताना पाऊल टाकण्याआधी काचेच्या वरून एक नजर टाकावी.

परदेशांत पाणबदकांच्या शिकारीसाठीही असे गॉगल विकले जातात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. पण भिगवणला उजनीच्या पाण्यावर पक्षी पाहणाऱ्यांना हाच गॉगल तितकाच उपयोगी, कारण पाणपक्षी बहुतेक वेळा चकाकीच्या मधोमधच बसलेले असतात.

निगा

खारं पाणी वाळलं की काचेवर मिठाचे कण बसतात, आणि शर्टाच्या टोकाने पुसलं की तेच काच घासतात. आधी गोड्या पाण्याने धुवावं, मग मऊ कापडाने टिपावं. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर गॉगल ठेवू नये. उष्णतेने थर सुटतात. डास पळवणाऱ्या बऱ्याच मलमांत डीईईटी असतं, ते प्लॅस्टिक खातं. ते चोळलेले हात काचेला लावू नयेत.

पैसे कमी असतील तर क्रम असा धरा: आधी अतिनील किरणांपासून संरक्षण आणि न फुटणारी काच, मग दोन्ही डोळ्यांना सारखं काम करणारा पापुद्रा, मग चेहऱ्यावर नीट बसणारी फ्रेम, त्यानंतर रंग. कंपनीचं नाव सर्वांत शेवटी. पहिल्या तीन कसोट्यांना उतरलेला साधा गॉगल आणि उभं राहायला उंच, कोरडा कातळ मिळाला, तर खाली उतरून गरी अंदाजाने टाकावी लागत नाही.