फलाटावर एकटं दिसलेलं मूल

सीएसएमटी, दादर, कल्याण, कुर्ल्याचं टर्मिनस; कुठलंही घ्या. लांब पल्ल्याची गाडी रिकामी होते, हमाल पांगतात आणि पाण्याच्या नळापाशी दहा-बारा वर्षांचा मुलगा मागे उरतो. पाठीला शाळेचं दप्तर, पण आत पुस्तकांऐवजी एक शर्ट नि बिस्किटांचा पुडा. हा मुलगा इथवर कसा आला आणि इथून पुढे त्याचं काय होतं, ते आपण क्रमाने पाहू.

सुरुवात घरातून होते. ‘सिनेमाच्या वेडापायी मुंबई गाठली,’ असं आपण सहज म्हणून टाकतो. तशीही मुलं असतात. पण रोजचा मार, बापाची दारू, नापासाची भीती, लादलेलं काम, मुलींच्या बाबतीत ठरवलेलं लग्न किंवा घरातल्याच कुणाचा त्रास ही कारणं पुन्हा पुन्हा पुढे येतात.

अमेरिकेतल्या लेस व्हिटबेक आणि डॅन हॉइट या समाजशास्त्रज्ञांनी घर सोडलेल्या किशोरांचा अभ्यास १९९९ साली ग्रंथरूपात मांडला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: घरी सोसलेला त्रास घराबाहेर पडल्याने संपत नाही, उलट रस्त्यावरचे धोके त्याच्यात भर घालतात. मोठ्या माणसांवरचा विश्वास उडालेलं मूल आधीपासून रस्त्यावर असलेल्या पोरांना धरून राहतं आणि पोट भरायच्या वाटाही त्यांच्याकडूनच शिकतं. आपल्या फलाटांनाही हे वर्णन लागू पडतं.

इकडे घरी पहिली चूक होते. ‘संध्याकाळी भुकेने येईल परत’, ‘चारचौघांत शोभा नको’ असं म्हणत लोक नातेवाइकांकडे फोन फिरवत बसतात. तक्रारीसाठी चोवीस तास थांबावं लागतं, हा तर निव्वळ गैरसमज. मूल अठरा वर्षांखालचं असेल तर पोलिसांनी गुन्हा नोंदवूनच तपास करायचा, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०१३ मध्ये बजावलं आहे. म्हणून लगेच ठाण्यात जा, अलीकडचा फोटो न्या आणि एफआयआरची (पहिल्या खबरीची) प्रत मागून घ्या.

आता फलाटावरचे पहिले काही तास. मुलाच्या खिशातले पैसे संपतात, भूक लागते. मग कुणीतरी वडापाव देतं, झोपायची जागा दाखवतं. देणारा भला असू शकतो. हॉटेलात किंवा कारखान्यात राबवायला पोर शोधणारा असू शकतो. लैंगिक शोषण करणाराही असू शकतो. मुलाला ते ओळखता येत नाही. काही दिवसांत रिकाम्या बाटल्या गोळा करणं सुरू होतं आणि व्हाइटनर किंवा सोल्यूशन रुमालावर घेऊन हुंगणंही. त्याने भूक मरते, भीती मरते. नशा लागलेल्या मुलाला परत आणणं कितीतरी अवघड जातं. म्हणूनच सगळी धडपड पहिल्या दिवशी व्हायला हवी.

असं मूल रेल्वे सुरक्षा दलाच्या जवानाला, लोहमार्ग पोलिसांना किंवा समतोल फाउंडेशनसारख्या संस्थेच्या कार्यकर्त्याला दिसतं. कधी आपल्यालाही दिसतं. तेव्हा तिकिटाचे पैसे हातावर ठेवून ‘जा बाळा घरी’ म्हणू नका. ते बहुधा पुढच्या गाडीने आणखी लांब जाईल. त्याला परस्पर आपल्या घरीही नेऊ नका. बाल न्याय अधिनियम २०१५ नुसार पोलिसांना किंवा बालमदत क्रमांकावर कळवणं हे आपलं कर्तव्यच आहे.

पुढचा टप्पा बालकल्याण समितीचा. अध्यक्ष आणि चार सदस्यांची ही समिती. तिला प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत मुलाला तिच्यापुढे न्यावं लागतं. घर सापडेपर्यंत मूल बालगृहात राहतं. तिथे ते खोटं नाव सांगतं, गाव भलतंच सांगतं. दरडावून काही हाती लागत नाही. शाळेचं नाव, गावची जत्रा, जवळचं स्टेशन अशा गप्पांतून हळूहळू पत्ता उमगतो.

मग गृहचौकशी, म्हणजे घरी जाऊन परिस्थिती पाहून लिहिलेला अहवाल. माझ्या मते सगळ्यात मोठी गफलत इथेच होते. आईबाप सापडले, आई रडली, कागदावर सह्या झाल्या, फाइल बंद. मूल का पळालं होतं, हे मुलाला एकांतात कुणी विचारलंच नाही, तर ते त्याच मारझोडीत परत जातं आणि पुन्हा गाडी पकडतं. त्रास देणारा घरातलाच असेल, तर घरी पाठवणं म्हणजे त्याच्याच हवाली करणं. अशा वेळी मुलाची दुसरी सोय करण्याचा अधिकार समितीला आहे, तो तिने वापरायला हवा.

मूल घरी आल्यावर पहिले काही आठवडे ‘पळपुटा’ म्हणून चिडवणं, पाहुण्यांपुढे तो विषय काढणं टाळा. शाळेत पुन्हा बसवताना वर्गशिक्षकांशी आधी बोलून घ्या.

आणि स्टेशनवर असं एकटं मूल दिसलं तर १०९८ या बालमदत क्रमांकावर फोन करा. रेल्वेत असाल तर १३९ आहे. दोन्हीकडे फोन लागेना, तर ११२ लावा आणि कुणीतरी येईपर्यंत मुलाजवळ थांबा.