पान्हा कोण चोरतं?

हॉस्टेलच्या मेसमध्ये दुधाचा ग्लास समोर आला की कुणीतरी हमखास म्हणतं, "अरे, इंजेक्शनचं दूध आहे हे. हार्मोन असतात त्यात!" भूम-परंड्याकडून आलेला, घरी दोन म्हशी असलेला मित्र मात्र गप्प बसतो. आपण दूध पितो. त्याच्या फीचे पैसे त्या दुधातूनच येतात. मग खरं काय?

आधी एक घोळ मिटवू. हे हार्मोन दोन आहेत. पहिलं आरबीएसटी, म्हणजे गाईच्या वाढीच्या हार्मोनचं प्रयोगशाळेत बनवलेलं रूप. त्यानं दूध खरंच वाढतं. अमेरिकेनं १९९३ मध्ये त्याला मंजुरी दिली. पण गाईंना कासदाह, लंगडेपणा यांचा धोका वाढतो म्हणून कॅनडानं १९९९ मध्ये ते नाकारलं. युरोपीय संघातही त्यावर बंदी आहे.

आपल्या गोठ्यातला वाद दुसऱ्याचा आहे, ऑक्सिटोसिनचा. ते दूध तयार करत नाही. कासेत साठलेलं दूध फक्त खाली उतरवतं. पारडू सडाला लागलं, की मेंदूला संदेश जातो, तिथून ऑक्सिटोसिन रक्तात येतं आणि म्हैस पान्हा सोडते. घाबरली, बुजली की तीच म्हैस पान्हा चोरते.

इंजेक्शनची गोष्ट इथेच सुरू होते. पारडू जेवढं दूध पितं, तेवढं डेअरीत कमी जातं. त्यात ते नर असेल तर त्याला विचारतो कोण? अर्धपोटी राहून ते दगावतं. मग म्हैस पान्हा देईना, की सुई पुढे येते. रोजची सवय लागली तर जनावर सुईशिवाय दूधच सोडत नाही.

पिणाऱ्याचं काय? ऑक्सिटोसिन रक्तात काही मिनिटंच टिकतं आणि पोटात गेलं तरी प्रथिनासारखं पचतं. त्यामुळे 'या दुधानं मुली लवकर वयात येतात' या दाव्याला ठोस पुरावा नाही. छळ होतो तो जनावराचा. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम १२ नुसार दूध वाढवण्यासाठी जनावराला अपायकारक इंजेक्शन देणं गुन्हा आहे. त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

मग औषधच बंद का करू नये? सरकारनं २०१८ मध्ये तसा प्रयत्न केला. खासगी कंपन्यांना देशात विक्रीसाठी ऑक्सिटोसिन बनवायला मनाई करून ते काम एकाच सरकारी कंपनीकडे दिलं. पण बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायला हेच औषध लागतं. तुटवडा पडला तर बायकांच्या जिवावर बेतेल, म्हणून प्रकरण कोर्टात गेलं आणि डिसेंबर २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं तो आदेश रद्द केला.

म्हणजे बंदीनं प्रश्न सुटला नाही. उपाय साधे आहेत, पण वेळखाऊ: धारेची वेळ ठरलेली, हात ओळखीचा, कास कोमट पाण्यानं धुऊन हलका मसाज, समोर घमेल्यात पेंड आणि पारडाच्या वाट्याचं दूध पारडालाच. त्या दुधाचा खर्च मात्र आज एकटा शेतकरी सोसतो. आपल्याला बिनसुईचं दूध हवं असेल, तर पारडाच्या घोटाचे पैसे दुधाच्या भावात धरले पाहिजेत.

पुढच्या वेळी मेसमध्ये हा विषय निघाला, की त्या गप्प बसलेल्या मित्राला आधी बोलू द्या.