बैलगाडा शर्यतीसाठी खोंडाची पारख : जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातील जुन्नर, आंबेगाव, खेड या तालुक्यांत गावोगावच्या यात्रा आणि बैलगाडा शर्यती यांचे नाते जुने आहे. आंबेगाव तालुक्यातील नागापूर येथील थापलिंगच्या खंडोबाची पौष पौर्णिमेची यात्रा असो, वा चैत्र-वैशाखातील ग्रामदैवतांचे उत्सव असोत, घाटात गाडे धावल्याशिवाय यात्रा पार पडली असे येथील ग्रामस्थ मानीत नाहीत. या शर्यतींविषयी आजवर जे लेखन झाले, त्याचा भर प्रामुख्याने परंपरा व कायदा या दोन अंगांवर राहिला. तथापि ज्या शेतकऱ्याच्या दावणीला बैल असतो, त्याच्यापुढील पहिला प्रश्न निराळाच असतो : जो खोंड अद्याप घाटात धावलेलाच नाही, तो पुढे धावेल की नाही हे ओळखावे कसे? प्रस्तुत लेखात या पारखीच्या प्रचलित पद्धती, त्यांच्या मर्यादा आणि अधिक विश्वसनीय मूल्यमापनाच्या शक्यता यांचा विचार केला आहे.

प्रश्नाचे आर्थिक स्वरूप :

पूर्वी खोंडाची निवड चुकली तरी नुकसान मर्यादित असे. घाटात न चाललेला बैल नांगराला, मोटेला वा गाडीला जुंपला जाई; नाहीतर चाकण किंवा बेल्हे येथील बाजारात त्याला गिऱ्हाईक मिळे. कुकडी प्रकल्पाच्या पाण्यावर ऊस, कांदा, टोमॅटो अशी नगदी पिके आली, ट्रॅक्टर आला आणि शेतकामासाठी बैलाची गरज झपाट्याने कमी झाली. त्यातच मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात गायीबरोबरच बैल व वळू यांच्या कत्तलीसही बंदी लागू झाली. परिणामी शर्यतीत अपयशी ठरलेल्या बैलाचे उरलेले मोल फारच थोडे राहते. त्याला पोसण्याचा खर्च मात्र चालूच राहतो. कांद्याच्या एका हंगामाचे उत्पन्न खोंडात घालणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने ही पारख म्हणजे हौस नसून जोखमीची गुंतवणूक होय.

पारंपरिक निकष :

येथील शर्यतींत खिलार जातीच्या बैलांना विशेष मान आहे. या जातीचे मूळ क्षेत्र सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर व त्यालगतचा कर्नाटकाचा भाग हे होय. चपळपणा आणि काटकपणा हे तिचे ख्यातनाम गुण आहेत. खोंड निवडताना जाणकार प्रामुख्याने तीन गोष्टी पाहतात.

१) शरीरलक्षणे : रुंद छाती, सरळ पाय, घट्ट व काळे खूर, पातळ कातडी, लांब व बारीक शेपूट ही चांगली लक्षणे मानली जातात. यांपैकी छाती, पाय व खूर यांचा धावण्याशी असलेला संबंध उघड आहे. वाकड्या पायाचा भार सांध्यावर विषम पडतो आणि मऊ खूर लवकर झिजतो. याउलट अंगावरील भोवऱ्यांच्या जागेवरून बैल शुभ वा अशुभ ठरविण्याच्या प्रथेचा वेगाशी संबंध जोडता येत नाही. तरीही भोवऱ्यामुळे किमतीत फरक पडतो, म्हणजेच खरेदीदार गुणाऐवजी समजुतीचे पैसे मोजतो.

२) वय : वय दातांवरून ठरते. दुधाचे दात असलेला तो आदत. त्यानंतर दुसा, चौसा, सहादाती व शेवटी जुळलेला. पहिले दोन कायमचे दात साधारणपणे दोन ते अडीच वर्षांच्या सुमारास येतात. हाडांची वाढ मात्र याहून सावकाश होते. पायाच्या काही हाडांतील वाढीच्या कूर्चा साडेतीन ते चार वर्षांपर्यंत खुल्या असतात. त्यामुळे दुशाच्या वयात जोराने पळविलेला खोंड वेगवान वाटला तरी त्याच वेळी त्याचे पाय कायमचे बिघडण्याचा संभव असतो. लवकर घेतलेली परीक्षा अशा रीतीने परीक्षेचा विषयच नासवू शकते.

३) वंश : 'अमुक नामांकित बैलाचा बछडा' या एका वाक्याने किंमत वाढते. तथापि वासराला अर्धा वारसा गायीकडून मिळतो, आणि गाय घाटात धावत नसल्याने तिच्या गुणांची नोंद कोठेच नसते. शिवाय एकाच वळूची अनेक वासरे असतात. त्यांपैकी जी गाजली तेवढीच लोकांच्या स्मरणात राहतात. किती वासरांपैकी किती धावली, हे प्रमाण विचारल्याशिवाय वंशाचे मोल कळत नाही.

घड्याळाचे पुरावे व त्यांच्या मर्यादा :

या भागातील शर्यतीत गाडे एकामागून एक सोडले जातात आणि प्रत्येक बारीचा वेळ सेकंदांत मोजला जातो. वरवर पाहता हे मोजमाप निर्विवाद वाटते. परंतु त्यात तीन अडचणी आहेत. पहिली अशी की, प्रत्येक घाटाची लांबी, चढ व माती निराळी असते. दुसरी अशी की, ठराविक सेकंदांच्या आत आलेले सर्व गाडे एकाच क्रमांकात धरण्याची पद्धत अनेक ठिकाणी असल्याने क्रमांकावरून सूक्ष्म फरक कळत नाही. तिसरी व सर्वांत महत्त्वाची अडचण म्हणजे वेळ गाड्याचा असतो, एका बैलाचा नव्हे. कसलेल्या बैलांच्या सोबतीने धावलेल्या नवख्या खोंडाला जे श्रेय मिळते, ते बहुतांशी सोबत्यांचे असू शकते.

यांपैकी पहिली अडचण साध्या तुलनेने दूर होते. समजा, एका घाटात त्या दिवशीच्या सर्व गाड्यांच्या वेळेचा मध्यक १४.२ सेकंद होता आणि खोंडाचा गाडा १३.६ सेकंदांत आला. दुसऱ्या घाटात मध्यक १२.१ असताना तोच गाडा १२.४ सेकंदांत आला. नुसता आकडा पाहणारा दुसरी बारी सरस मानील. वस्तुतः पहिल्या बारीत गाडा मध्यकापेक्षा ०.६ सेकंदांनी पुढे होता, तर दुसऱ्या बारीत ०.३ सेकंदांनी मागे. सोबत्यांचा प्रभाव वेगळा काढण्यासाठी तेच सोबती दुसऱ्या खोंडासह कसे धावले हे पाहावे लागते. आणि एका बारीवर निर्णय करणे तर सर्वथा धोक्याचे होय, कारण अपवादात्मक वेळेत योगायोगाचा वाटा असतो आणि पुढील बाऱ्यांत तो वेळ सहसा सरासरीकडे सरकतो.

इतर क्षेत्रांतील अनुभव :

हा प्रश्न केवळ येथील नाही. २००६ साली अमेरिकेत 'द ग्रीन मंकी' हा दोन वर्षांचा घोडा १ कोटी ६० लाख डॉलरला विकला गेला. विक्रीपूर्व चाचणीत त्याने एक फर्लांग अंतर ९.८ सेकंदांत तोडले होते. पुढे तो तीनच शर्यती धावला आणि एकही जिंकला नाही. याउलट १९७५ साली अवघ्या १७,५०० डॉलरला घेतलेल्या 'सिॲटल स्लू' याने १९७७ मध्ये तेथील तिन्ही मानाच्या शर्यती जिंकल्या. अमेरिकन बेसबॉलमध्ये १९६५ पासून नवोदित खेळाडू पाळीपाळीने निवडण्याची पद्धत आहे. तेथे १९८८ साली ६२व्या फेरीत निवडला गेलेला माइक पियाझा पुढे सर्वोच्च सन्मानास पात्र ठरला. २००२ साली ओकलंडच्या संघाने शरीरयष्टीपेक्षा खेळाच्या नोंदींवर भर देऊन निवड केली. त्यातील काही खेळाडू यशस्वी झाले, काही झाले नाहीत. तात्पर्य, नोंदींमुळे चूक नाहीशी होत नाही. ती किती होते, हे मात्र मोजता येते.

बंदीचा काळ व नोंदींचा खंड :

सर्वोच्च न्यायालयाच्या ७ मे २०१४ च्या निर्णयाने या शर्यती थांबल्या. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. परंतु प्रत्यक्ष परवानगीचा मार्ग १६ डिसेंबर २०२१ च्या अंतरिम आदेशाने खुला झाला आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ही दुरुस्ती वैध ठरविली. २०१४ साली दुसा असलेला खोंड २०२१ अखेर नऊ वर्षांचा झाला होता. म्हणजे एका संपूर्ण पिढीची अधिकृत नोंदच झाली नाही, आणि शर्यती पुन्हा सुरू झाल्यावर खरेदीदाराच्या हाती वंशाची ऐकीव माहिती तेवढी उरली. शिवाय नव्या नियमांनुसार चाबूक, काठी वा विजेचा धक्का वर्ज्य आहे. तेव्हा पूर्वी अशा साधनांच्या जोरावर मिळालेली कीर्ती आज वंशाचा पुरावा म्हणून ग्राह्य धरता येत नाही. स्वेच्छेने धावणारा बैल हाच आता खरा निकष होय.

निष्कर्ष :

जाणकारांची नजर टाकाऊ नाही. पाय, खूर व स्वभाव पारखण्यात तिला पर्याय नाही. परंतु नजरेला नोंदीची जोड हवी. जनावरांच्या कानातील बारा अंकी बिल्ल्यामुळे प्रत्येक बैलाची ओळख पटते. पशुवैद्यकीय प्रमाणपत्र व चित्रीकरण नियमांनी आवश्यकच केले आहे. त्यासोबत यात्रा समित्यांनी बिल्ला क्रमांक, गाड्यातील जागा, सोबतचे बैल, वेळ व त्या दिवसाचा मध्यक एवढ्या पाच बाबी वहीत उतरविल्या, तरी दोन-तीन हंगामांत तुलनेचा पाया तयार होईल. खरेदीदारानेही खोंड चौसा होईपर्यंत जोराची परीक्षा टाळावी, वळूच्या गाजलेल्या वासरांबरोबर न गाजलेल्यांचीही चौकशी करावी आणि एका बारीवर भाव ठरवू नये. यामुळे प्रत्येक निवड यशस्वी होईल असे नाही. मात्र ज्याच्या घरची वर्षाची कमाई एका दावणीला बांधली जाते, त्या शेतकऱ्याला आपण कशाचे मोल देत आहोत, हे खरेदीपूर्वीच कळू शकेल.