एका विचाराचा प्रवास



आशिया खंडाचा नकाशा समोर ठेवा. नेपाळच्या दक्षिण सीमेजवळ लुंबिनी नावाचे ठिकाण आहे, ते शोधा. आता तिथून बोट फिरवत दक्षिणेला श्रीलंकेपर्यंत जा. मग पश्चिमेला अफगाणिस्तान, उत्तरेला तिबेट आणि पूर्वेला चीन, कोरिया व जपानपर्यंत जा. केवढे हे अंतर! वाटेत हिमालयाची बर्फाळ शिखरे आहेत, वाळूची वाळवंटे आहेत, खवळलेले समुद्र आहेत. प्रत्येक देशाची भाषा वेगळी, लिपी वेगळी, चालीरीती वेगळ्या. तरीही लुंबिनीत जन्मलेल्या एका माणसाचा विचार या सगळ्या देशांत पोहोचला. तो माणूस म्हणजे गौतम बुद्ध. त्यांचा विचार इतक्या दूर कसा गेला, तो कोणी नेला आणि त्यासाठी त्या लोकांना काय काय करावे लागले, हे आपण या पाठात पाहणार आहोत.

प्रथम तो विचार कोणता होता, ते समजून घेऊ. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी कपिलवस्तू येथे शाक्य कुळातील शुद्धोदन राज्य करीत होते. त्यांचा मुलगा सिद्धार्थ. घरात कशाचीही उणीव नव्हती. पण म्हातारपण, आजार आणि मृत्यू यांतून कोणीच सुटत नाही, हे पाहून सिद्धार्थाचे मन बेचैन झाले. वयाच्या २९व्या वर्षी त्याने घर सोडले. सहा वर्षे कठोर तप करून शरीर झिजवले. पण मनातल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही. शेवटी बोधगया येथे पिंपळाच्या झाडाखाली ध्यान करीत असताना त्याला ज्ञान झाले. तेव्हापासून लोक त्याला 'बुद्ध' म्हणू लागले. बुद्ध म्हणजे जागा झालेला.

बुद्धांनी पहिला उपदेश काशीजवळ सारनाथ येथे पाच सोबत्यांना केला. चांगला वैद्य किंवा हकीम काय करतो? तो आधी रोग ओळखतो, मग रोगाचे कारण शोधतो, रोग बरा होईल की नाही ते सांगतो आणि औषध देतो. बुद्धांनीही तसेच केले. जीवनात दुःख आहे, हे पहिले सत्य. दुःखाला कारण आहे आणि ते कारण म्हणजे तृष्णा, म्हणजे कधीही न भागणारी हाव, हे दुसरे सत्य. हे दुःख संपवता येते, हे तिसरे सत्य. ते संपवण्याचा मार्ग आहे, हे चौथे सत्य. या मार्गाला अष्टांग मार्ग म्हणतात. योग्य दृष्टी, योग्य संकल्प, योग्य वाणी, योग्य कृती, योग्य उपजीविका, योग्य प्रयत्न, योग्य जागरूकता आणि योग्य एकाग्रता, अशी त्याची आठ अंगे आहेत. चैनीत बुडू नये आणि शरीराला उगाच छळूही नये, असा हा मधला मार्ग होता. सामान्य माणसासाठी त्यांनी पाच नियम सांगितले : हिंसा करू नये, चोरी करू नये, व्यभिचार करू नये, खोटे बोलू नये आणि नशा करू नये.

बुद्धांच्या संघात जातीला स्थान नव्हते. उपाली नावाचा एक न्हावी शाक्य राजपुत्रांच्या सेवेत होता. राजपुत्र संघात यायला निघाले, तेव्हा उपालीही आला. राजपुत्रांनीच विनंती केली, की आधी उपालीला दीक्षा द्यावी. संघाचा नियम असा, की आधी आलेल्याला नंतर आलेल्याने वंदन करायचे. म्हणजे आता राजपुत्रांना आपल्या सेवकापुढे वाकावे लागणार होते. आपला कुळाचा गर्व जावा, म्हणूनच त्यांनी हे मागितले होते. पुढे हाच उपाली संघाच्या नियमांचा सर्वांत मोठा जाणकार झाला.

आता एक महत्त्वाची गोष्ट लक्षात घ्या. त्या काळी विद्वानांची भाषा संस्कृत होती. ती सर्वांना येत नसे. बुद्ध मात्र लोकांच्या बोलीत बोलत. दोन शिष्यांनी एकदा सुचवले, की तुमची वचने वेदांच्या भाषेत बसवावीत. बुद्धांनी साफ नकार दिला. ज्याने त्याने हा उपदेश आपापल्या भाषेत शिकावा, असा त्यांच्या उत्तराचा अर्थ बहुतेक अभ्यासक करतात. या एका निर्णयामुळे त्यांच्या विचाराला जणू पाय फुटले. कोणतीही भाषा त्याला परकी राहिली नाही.

बुद्धांनंतर सुमारे दोनशे वर्षांनी सम्राट अशोकाने कलिंग देशावर स्वारी केली. या युद्धात एक लाख माणसे मारली गेली आणि दीड लाख माणसांना पकडून नेण्यात आले. हे आकडे अशोकाने स्वतःच शिलालेखात कोरून ठेवले आहेत. विजयी राजाने आपला पश्चात्ताप दगडावर कोरावा, असे इतिहासात क्वचितच घडते. पुढे अशोकाने दया, सत्य आणि सर्व पंथांचा आदर यांचा संदेश ठिकठिकाणी कोरून लावला. तो कोणत्या भाषेत? ज्या भागात जी भाषा चाले, तिच्यात. भारतात प्राकृत भाषा वापरली. अफगाणिस्तानातील कंदाहार येथे मात्र त्याचा लेख ग्रीक आणि अरामी अशा दोन भाषांत आहे. तो १९५८ साली सापडला. आपल्या महाराष्ट्रातही, पालघर जिल्ह्यातील सोपारा येथे, अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा १८८२ साली मिळाला आहे.

परंपरा असे सांगते, की अशोकाने आपला मुलगा महेंद्र आणि मुलगी संघमित्रा यांना श्रीलंकेला पाठवले. संघमित्रेने बोधगयेच्या पिंपळाची फांदी सोबत नेली. अनुराधपूर येथे तिच्यापासून वाढलेला मानला जाणारा वृक्ष आजही उभा आहे. बुद्धांचा उपदेश तोपर्यंत भिक्षूंनी पाठ करून जपला होता. इ. स. पूर्व पहिल्या शतकात श्रीलंकेत तो पाली भाषेत ताडपत्रांवर लिहिला गेला. पुढे तो म्यानमार, थायलंड आणि कंबोडिया या देशांत गेला.

भिक्षू एकटे प्रवास करीत नसत. ते व्यापाऱ्यांच्या सोबतीने जात. कोकणातील सोपारा आणि कल्याण ही त्या काळची मोठी बंदरे होती. तिथून माल सह्याद्रीच्या घाटांतून देशावर जाई. याच वाटांवर भाजे, कार्ले, बेडसे, कान्हेरी अशी लेणी खोदली गेली. पावसाळ्यात भिक्षू तिथे राहत. लेण्यांसाठी दान कोणी दिले, हे भिंतींवरच्या लेखांत वाचता येते. त्यांत राजे आहेत, तसेच व्यापारी आणि कारागीरही आहेत. कार्ल्याच्या लेण्यात तर 'यवन', म्हणजे ग्रीक म्हणवणाऱ्या लोकांनीही दान दिले आहे.

वायव्येला गांधार प्रदेश होता. आजच्या पेशावरचा भाग त्यात येतो. तिथून मध्य आशियाकडे जाणारी वाट पुढे चीनपर्यंत पोहोचे. तिला आपण रेशीममार्ग म्हणतो. उर्दूत तुम्ही ज्याला 'कारवाँ' म्हणता, तसे उंटांचे तांडे या वाटेने चालत. रेशीम, घोडे, काच यांच्याबरोबर या वाटेने पोथ्याही गेल्या.

पण पोथी चीनला पोहोचली, म्हणून ती तिथल्या लोकांना कशी समजणार? संस्कृत आणि चिनी या भाषांत काहीच साम्य नाही. इथे भाषांतरकारांचे काम सुरू झाले. आज ज्ञात असलेला चिनी भाषेतला पहिला मोठा बौद्ध भाषांतरकार आन शिगाओ हा इराणकडच्या पार्थिया देशाचा होता. तो इ. स. १४८ मध्ये चीनला आला. इराणकडचा माणूस, भारतातला विचार आणि चिनी भाषा! कसा हा मेळ!

या भाषांतरकारांत कुमारजीवाचे नाव फार मोठे आहे. त्याचे वडील भारतीय आणि आई मध्य आशियातील कुचा राज्याची राजकन्या. लहानपणी तो आईबरोबर काश्मीरला जाऊन शिकला. पुढे एका चिनी सेनापतीने कुचा जिंकले आणि कुमारजीवाला कैद केले. सुमारे १७ वर्षे त्याला परक्या मुलखात अडकून राहावे लागले. त्या काळात तो चिनी भाषा शिकला. इ. स. ४०१ मध्ये तो चांगआन या राजधानीत पोहोचला. तिथे शेकडो भिक्षू त्याच्या मदतीला होते. कुमारजीव पोथीचा अर्थ सांगे, त्यावर चर्चा होई, लेखक लिहून घेत आणि मग भाषा तपासली जाई. एवढी मेहनत करूनही त्याचे समाधान होत नसे. भाषांतर म्हणजे दुसऱ्याने चावून दिलेला भात, असे तो म्हणे. त्याच्या भाषांतरांपैकी काही चीन आणि जपानमध्ये आजही वाचली जातात.

चीनमधून भारताकडेही माणसे आली. इ. स. ३९९ मध्ये फाहियान निघाला. संघाच्या नियमांच्या पूर्ण पोथ्या मिळवायच्या, हा त्याचा हेतू होता. त्यानंतर सुमारे सव्वादोनशे वर्षांनी ह्युएन त्संग आला. चिनी भाषांतरे एकमेकांशी जुळत नाहीत, हे त्याच्या ध्यानात आले होते. म्हणून मूळ पोथ्या पाहण्यासाठी तो बादशहाची परवानगी नसतानाही निघाला. वाळवंटात त्याची पाण्याची पखाल सांडली. चार रात्री आणि पाच दिवस त्याला पाण्याचा थेंब मिळाला नाही. पण तो परतला नाही. भारतात त्याने नालंदा विद्यापीठात आचार्य शीलभद्र यांच्याजवळ अभ्यास केला. तो महाराष्ट्रातही आला होता. तेव्हा इथे चालुक्य राजा दुसरा पुलकेशी राज्य करीत होता. इथले लोक उपकाराची जाण ठेवणारे, पण अपमान सहन न करणारे आहेत, असे त्याने नोंदवले आहे. परतीच्या वाटेवर सिंधू नदीत काही पोथ्या वाहून गेल्या. तरीही इ. स. ६४५ मध्ये तो चांगआनला पोहोचला, तेव्हा त्याच्याजवळ ६५७ ग्रंथ होते. उरलेले आयुष्य त्याने त्यांच्या भाषांतरात घालवले.

तिबेटची गोष्ट आणखी निराळी आहे. सातव्या शतकात तिबेटी भाषेसाठी भारतीय लिपीच्या आधाराने नवी लिपी तयार झाली. मग भारतीय पंडित आणि तिबेटी भाषांतरकार यांच्या जोड्या शेजारी बसून काम करू लागल्या. नवव्या शतकाच्या सुरुवातीला तर त्यांनी संस्कृत-तिबेटी शब्दकोशच तयार केला. एका शब्दाचे सर्वांनी सारखेच भाषांतर करावे, हा त्यामागचा हेतू होता.

मित्रांनो, माणसांबरोबर शब्दही प्रवास करतात. संस्कृतातील 'ध्यान' हा शब्द घ्या. पालीत तो 'झान' झाला, चीनमध्ये 'चान', कोरियात 'सोन' आणि जपानमध्ये 'झेन'. आपल्या देशातील बिहार राज्याचे नाव 'विहार' या शब्दावरून आले आहे. उर्दू कवितेत तुम्ही वाचता तो फारसी 'बुत' हा शब्दही मुळात 'बुद्ध' या शब्दावरून आला, असे अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. बुद्धांच्या जीवनाची कथा बगदादच्या काळात 'बिलौहर व बूदासफ' या नावाने अरबीत गेली आणि तिथून पुढे युरोपातल्या भाषांत पोहोचली.

एवढा दूर गेलेला हा विचार भारतात मात्र हळूहळू मागे पडला. राजांचा आधार कमी झाला. व्यापाराच्या वाटा बदलल्या. भिक्षू विहारांत राहिले आणि सामान्य लोकांपासून दूर गेले. बाराव्या शतकाच्या अखेरीस झालेल्या स्वाऱ्यांत मोठे विहार उद्ध्वस्त झाले. असंख्य संस्कृत पोथ्या नाहीशा झाल्या. पण त्यांतील विचार पूर्ण बुडाला नाही. कारण शेकडो ग्रंथांची चिनी आणि तिबेटी भाषांतरे शिल्लक होती. आपल्या घरात जे हरवले, ते दुसऱ्याच्या भाषेने जपून ठेवले होते. एकोणिसाव्या शतकात अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी नालंदाची जागा ओळखली, तीही ह्युएन त्संगच्या वर्णनाच्या आधाराने.

पुढे भारतीयांनीही हा ठेवा पुन्हा शोधला. गोव्याच्या धर्मानंद कोसंबी यांनी एका मराठी मासिकात बुद्धांचे छोटे चरित्र वाचले आणि ज्ञानाच्या ओढीने घर सोडले. पैसा नाही, ओळख नाही, अशा स्थितीत ते काशी, नेपाळ असा प्रवास करीत १९०२ साली श्रीलंकेला पोहोचले. तिथे ते पाली शिकले. मग त्यांनी पाली ग्रंथांतील विचार सोप्या मराठीत आणला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अनेक वर्षे या धम्माचा अभ्यास केला आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे लाखो अनुयायांसह त्याचा स्वीकार केला. ज्यांना शतकानुशतके माणूस म्हणून मान मिळाला नव्हता, त्यांना या विचारात समतेचा आधार सापडला. उपाली न्हाव्याला जो मान मिळाला होता, तोच मान त्यांना हवा होता.

पुन्हा एकदा नकाशाकडे पाहा. या सगळ्या वाटांवर चालणारी माणसे दुसऱ्याची भाषा शिकणारी होती. कुमारजीव कैदेत शिकला, ह्युएन त्संग परदेशात शिकला, कोसंबी उपाशी राहून शिकले. तुम्हीही घरी एक भाषा बोलता आणि शाळेत दुसऱ्या भाषा शिकता. कधी शब्द अडतो, कधी व्याकरण चुकते. अशा वेळी कंटाळू नका. आज जी भाषा तुम्ही कष्टाने शिकाल, तिच्यात उद्या कोणाचा तरी चांगला विचार तुमच्यापर्यंत येईल. आणि तुमचा विचार तिच्यातूनच दुसऱ्यांपर्यंत जाईल.